धुराचे पैसे आणि टाकीचे झाकण: सोसायटीच्या डासनियंत्रण करारावर एक वर्षानंतर

पुण्याच्या पश्चिम भागातील आमच्या ९६ सदनिकांच्या सोसायटीने १ जून २०२४ ते ३१ मे २०२५ या काळासाठी एका खाजगी पेस्ट कंट्रोल कंपनीशी डासनियंत्रणाचा वार्षिक करार केला होता. व्यवस्थापन समितीचा सचिव या नात्याने कोटेशन मागवण्यापासून शेवटच्या बिलापर्यंतचा सर्व व्यवहार माझ्या हातून झाला आणि शक्य तेव्हा प्रत्येक फेरीला मी स्वतः हजर राहिलो. त्या अनुभवाच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही. आम्ही तीन कंपन्यांची कोटेशने घेतली होती आणि दरांतील फरक सोडला तर तिन्हींतील मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा होता, त्यामुळे पुढे जे दोष दाखवणार आहे ते मुख्यतः या सेवेच्या प्रचलित साच्याचे आहेत. येत्या हंगामासाठी असाच करार करण्याच्या बेतात असलेल्या सोसायट्यांना तो साचाच समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

करार करण्याची घाई का झाली, हे पुण्यातील वाचकांना सांगायला नको. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण आढळले आणि वर्ष संपेपर्यंत शहरातील आकडा शंभराच्या पुढे गेला. राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला होता, तेव्हा तो आजार आम्हाला दूरचा वाटला होता. त्यातच चिकुनगुन्याची साथही त्याच वर्षी शहरात जोरात होती. एरवी जिन्याच्या रंगाची छटा ठरवण्यात तीन तास घालवणाऱ्या आमच्या सर्वसाधारण सभेने डासांच्या कराराला दहा मिनिटांत मंजुरी दिली, आणि त्या दहा मिनिटांत कोटेशनचे दुसरे पान कोणीही उलटले नाही. मीही उलटले नव्हते.

त्या दुसऱ्या पानावर दरांची फोड होती. एकूण रक्कम ८४,००० रुपये, म्हणजे सदनिकेमागे वर्षाला ८७५ रुपये, आणि त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. यातील ५४,००० रुपये धुरळणीचे होते: जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा, इतर महिन्यांत पंधरवड्यातून एकदा. अळीनाशकाची मासिक फवारणी १८,००० रुपयांची होती. राहिलेले १२,००० रुपये ‘मासिक पाहणी’ या शीर्षकाखाली होते. त्यात एक कर्मचारी महिन्यातून एक दिवस येऊन डासांची उत्पत्तिस्थाने शोधणार होता. थोडक्यात, जवळजवळ दोन तृतीयांश पैसा धुरावर आणि एक सप्तमांश पैसा शोधावर, अशी ही वाटणी होती. वर्षभरानंतर माझे मत असे झाले आहे की या कराराची किंमत योग्य होती, पण त्यातील रकमा उलट्या क्रमाने लिहिल्या गेल्या होत्या.

आधी धुराविषयी. ठरलेल्या दिवशी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास खांद्याला यंत्र अडकवलेला माणूस येत असे आणि अर्ध्या तासात चारही इमारतींभोवती पांढऱ्या धुराचा पडदा उभा करून जात असे. वेळ पाळण्याच्या बाबतीत कंपनीला पूर्ण गुण दिले पाहिजेत, कारण वर्षभरात ठरलेल्या फेऱ्यांपैकी फक्त तीन चुकल्या आणि त्याही भरून दिल्या गेल्या. धूर दिसतो, त्याचा वास येतो, मुले त्याच्यामागे धावतात आणि काहीतरी होत आहे असे सर्वांना वाटते. समितीवर टीका करणाऱ्या सभासदांचे तोंड बंद ठेवण्याचे याहून स्वस्त साधन मी पाहिलेले नाही.

डासांच्या बाबतीत मात्र हा धूर काय करतो, ते नीट पाहायला हवे. डिझेलमध्ये मिसळलेले पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक यंत्रात तापून अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात हवेत तरंगते आणि त्या वेळी, त्या जागी उडणाऱ्या डासांना स्पर्श झाला तर त्यांना मारते. काही मिनिटांत ते थेंब विरतात. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही आजार आपल्याकडे पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी उन्हे वर आल्यावर आणि सूर्यास्तापूर्वीच्या एक-दोन तासांत. इतर वेळी तो घरात पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटातील लोंबत्या कपड्यांत निवांत बसलेला असतो. यंत्राचा आवाज ऐकताच प्रत्येक घरातील खिडक्या धडाधड बंद होतात, ते स्वाभाविकच आहे, कारण डिझेलचा धूर कोणाला घरात नको असतो आणि आमच्या इमारतीत दम्याचे दोन रुग्ण आहेत. पण त्यामुळे ज्याला मारायचे तो डास बंद खिडकीच्या आत सुरक्षित राहतो आणि औषध बाहेरच्या जास्वंदीवर पडते. पाण्याखालील अळ्यांना या धुराचा काहीच उपद्रव होत नाही. भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेच्या किंचित वर घातलेली एडिसची अंडी तर कित्येक महिने कोरडी राहूनही जिवंत राहतात. उबदार हवेत अंड्यातून निघालेली अळी आठवडा-दहा दिवसांत पंख फुटून बाहेर पडते, त्यामुळे पंधरवड्यातून एकदा होणाऱ्या धुरळणीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात डासांची एक आख्खी पिढी तयार होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनाही अशी हवेतील फवारणी साथीच्या आणीबाणीपुरतीच सुचवते, नेहमीचा उपाय म्हणून नाही.

मग सभासद समाधानी का होते? मी तक्रारवही उलगडून पाहिली तेव्हा उत्तर मिळाले. वहीतील बहुतेक तक्रारी ‘रात्री झोप लागत नाही’, ‘कानाशी गुणगुण होते’ अशा होत्या, म्हणजे त्या क्युलेक्स डासाच्या होत्या. हा डास नदीतील जलपर्णीच्या आडोशाला, तुंबलेल्या नाल्यात, गटाराच्या चेंबरमध्ये वाढतो आणि अंधार पडल्यावर चावतो. सायंकाळच्या धुराने त्याचा त्रास एखादी रात्र कमी होत असावा, हे मान्य करायला हरकत नाही. एडिस मात्र गाजावाजा न करता घोट्याजवळ चावून जातो आणि त्याची नोंद वहीत कोणी करत नाही. त्याची नोंद होते ती आठवड्याभराने रक्ततपासणीच्या कागदावर. सेवा देणारा आणि घेणारा दोघेही ज्या डासावरून यश मोजत होते, तो डास आम्ही ज्या भीतीपोटी करार केला त्या आजारांचा नव्हताच.

आता ज्या भागासाठी मी हा करार पुन्हा करीन, त्याकडे येतो. मासिक पाहणीसाठी येणारा कर्मचारी तिशीतला तरुण होता. त्याने पूर्वी काही वर्षे अशाच पाहणीचे काम कंत्राटी पद्धतीवर केले होते. त्याच्याजवळ एक विजेरी, एक लांब दांड्याचे पांढरे ओगराळे आणि खडू, एवढेच साहित्य असे. पांढरे अशासाठी की त्यात अळ्या वळवळताना चटकन दिसतात. पहिल्या दिवशी मी त्याला आमच्या आवारातील स्वच्छतेविषयी अभिमानाने सांगत होतो. त्याने नम्रपणे ऐकून घेतले आणि सरळ लिफ्टकडे बोट दाखवून विचारले, ‘साहेब, खालचा खड्डा कधी उघडला होता?’ तो आम्ही कधीच उघडला नव्हता. लिफ्टच्या देखभालीच्या माणसाला बोलावून खड्डा उघडला तेव्हा तळाशी घोटाभर पाणी होते. ‘ब्रीडिंग आहे,’ तो म्हणाला आणि भिंतीवर खडूने तारीख लिहिली.

त्यानंतर दर महिन्याला त्याच्याबरोबर फिरताना मला माझीच सोसायटी नव्याने दिसली. एडिसला गढूळ पाणी लागत नाही. त्याला साचलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते आणि तेही बाटलीच्या झाकणाएवढे पुरते. कुंड्यांखालच्या बश्या, वातानुकूलन यंत्राच्या नळीखाली ठेवलेली बादली, फ्रीजच्या मागचा ट्रे ज्याचे अस्तित्वच अनेकांना ठाऊक नसते, काचेच्या बाटलीतील मनीप्लांट, गच्चीवर सौर हीटरच्या चौकटीखाली टाकलेली फुटकी बादली, पक्ष्यांसाठी भूतदयेने ठेवलेली आणि नंतर विसरलेली पाण्याची वाटी, शेजारच्या बांधकामावरील स्लॅबवर पाणी धरण्यासाठी घातलेले वाळूचे बांध, माळ्याने झाडाच्या बेचक्यात खोचलेली नारळाची करवंटी. प्रत्येक ठिकाणी तो आधी ओगराळे फिरवी, मग पाणी ओतून देई आणि भांड्याची कड खरवडून पुसून घ्यायला सांगे. नुसते पाणी फेकून दिल्याने कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात, हे मला त्याच्याकडूनच कळले. आरोग्य विभाग वर्षानुवर्षे आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगत आला आहे, त्यामागील हिशेब इतका साधा आहे: अळीला डास होण्यापूर्वीच तिचे पाणी काढून घ्यायचे.

सर्वांत मोठा शोध गच्चीवर लागला. आमच्या चार इमारतींवर मिळून आठ टाक्या आहेत. झाकणे बाहेरून बंद दिसत होती, पण दोन झाकणांना तडे होते. शिवाय आठही टाक्यांच्या हवेच्या नळ्यांची आणि ओव्हरफ्लोच्या नळ्यांची तोंडे उघडी होती. डासाला आत जायला याहून प्रशस्त रस्ता नको. टाकीत सापडलेल्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पसरलेल्या होत्या, तर एडिसच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबकळतात. हा फरक त्याने ओगराळ्यात दाखवला आणि ‘या हिवतापवाल्या’ असे सांगितले. करारात टाक्यांची डागडुजी नव्हती, तरी त्याने प्लंबरला उभे राहून नायलॉनच्या जाळीचे तुकडे सोळाही तोंडांवर बांधायला लावले. झाकणे आणि जाळ्या मिळून आम्हाला ३,२०० रुपये खर्च आला. वर्षभरात डासांवर झालेल्या साऱ्या खर्चात सत्कारणी लागलेला पैसा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी हीच रक्कम सांगेन.

या टाकीच्या निमित्ताने थोडे विषयांतर करतो, पण ते अस्थानी नाही. शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास मूळचा आपल्याच भागातला. विहिरी आणि गच्चीवरील टाक्या ही त्याची आवडती घरे असल्यामुळे मुंबईत महापालिका टाक्या डासप्रतिबंधक ठेवायला आणि तपासणीसाठी शिडी लावायला कित्येक दशके बजावत आली आहे. आफ्रिकेतील हिवताप हा प्रामुख्याने खेड्यापाड्यांचा आजार मानला जाई. २०१२ मध्ये हा आपला टाकीवाला डास जिबूतीत आढळला, २०१६ मध्ये इथिओपियात पोहोचला, आणि २०२२ मध्ये तेथील दिरे दावा शहरात ऐन कोरड्या हंगामात हिवतापाची साथ आली. जिबूती हिवतापमुक्तीच्या उंबरठ्यावर होता. तेथे २०१२ मध्ये २७ रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ती संख्या ७० हजारांच्या वर गेली. उघड्या तोंडाच्या टाकीचा दोष आपण केवळ आपल्यापुरता समजतो, पण त्या टाकीत शिकलेला डास बहुधा जहाजाने परदेशी गेला आणि तिथल्या शहरांना भारी पडला.

अशा प्रसाराचे सगळे खापर बदलत्या हवामानावर फोडणे बरोबर नाही. जुन्या टायरांच्या व्यापारातून आशियातील टायगर डास, म्हणजे एडिस अल्बोपिक्टस, १९७९ मध्ये अल्बानियात आणि १९९० मध्ये इटलीत पोहोचला तो माणसाच्या व्यवहारामुळे. पण पोहोचलेल्या डासाला तिथे टिकून राहता यावे आणि त्याच्या पोटातील विषाणूला वाढायला पुरेशी ऊब मिळावी, हे काम तापमानाने केले. आमच्याच सोसायटीतील एका कुटुंबाची मुलगी दक्षिण फ्रान्समध्ये राहते. २०२५ च्या उन्हाळ्यात तिला नगरपालिकेचे जे पत्रक मिळाले, त्यात कुंड्यांखालच्या बश्या रिकाम्या करण्याची सूचना होती, आणि तिच्या आईने ती मला आमच्या सूचनाफलकासमोर उभे राहून वाचून दाखवली. दोन्हींतील मजकुरात फारसा फरक नव्हता. त्या वर्षी फ्रान्समध्ये देशाबाहेर न गेलेल्या सातशेहून अधिक लोकांना चिकुनगुन्या झाला. डोंगराळ नेपाळमध्ये डेंग्यूचा पहिला रुग्ण २००४ मध्ये सापडला होता आणि २०२२ च्या साथीत ५४ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. जगभर २०२४ मध्ये डेंग्यूच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या १ कोटी ४० लाखांच्या वर गेली.

महाराष्ट्राला यातले काहीच नवीन नाही, हेही खरे. आमच्या समितीतील एक ज्येष्ठ सदस्य मूळचे बार्शीचे आहेत. १९७३ मध्ये बार्शीत आलेली चिकुनगुन्याची साथ त्यांना आठवते. घरातील मोठी माणसे सांधे धरून भिंतीला टेकून बसलेली असत आणि पाणी आणून द्यायला मुलेच तेवढी उरली होती, असे ते सांगतात. चिकुनगुन्या या शब्दाचा अर्थच मुळी ‘जो वाकवतो तो’ असा आहे, आणि तो १९५२ मध्ये टांझानियातील साथीच्या वेळी तेथील माकोंडे भाषेतून आला. त्या काकांनी सभेत धुरळणीच्या बाजूने मत दिले होते. आता ते गच्चीच्या जाळ्या तपासायला माझ्या आधी वर गेलेले असतात.

कराराचा दुसरा मोठा दोष वेळापत्रकाचा होता. ‘हंगाम’ म्हणजे जून ते सप्टेंबर, ही व्याख्या कंपनीने कुठल्याशा जुन्या नमुन्यातून घेतलेली दिसते. विषाणू डासाच्या शरीरात शिरल्यानंतर तो डास दुसऱ्याला आजार देण्याजोगा व्हायला २५ ते २८ अंश तापमानात साधारण ८ ते १२ दिवस लागतात, आणि ऊब वाढली की हे दिवस कमी होतात. डासाचे आयुष्यच काही आठवड्यांचे असल्यामुळे त्यातले दोन-तीन दिवस वाचणे ही त्याच्या दृष्टीने मोठी कमाई असते. एडिस इजिप्तीमार्फत होणाऱ्या प्रसाराला सर्वाधिक पोषक तापमान २९ अंशांच्या आसपास असते आणि पस्तिशीच्या पुढे डासालाच उष्णता सोसत नाही, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यातील उघडिपीचे उबदार, दमट दिवस अधिक धोक्याचे.

पुण्यातीलच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर खास आमच्या शहराविषयी आहे. २७ अंशांहून अधिक तापमान, मध्यम आणि सारखा पसरलेला पाऊस, आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता हे मिश्रण पुण्यात डेंग्यूला पोषक ठरते, तर आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अंडी आणि अळ्या वाहून जाऊन प्रसार घटतो, असे त्यात दाखवले आहे. हे वाचल्यावर मला २०२४ चा जुलै वेगळा दिसू लागला. २५ जुलैला शहरात पूर आला, सिंहगड रस्त्यावरच्या वसाहतींत पाणी शिरले. त्यानंतरच्या आमच्या पाहणीत उघड्यावरील एकाही भांड्यात अळी सापडली नाही. कंपनीच्या मासिक अहवालात त्याबद्दल ‘नियमित धुरळणीमुळे डासांचे प्रमाण लक्षणीय घटले’ असे वाक्य होते. तो पराक्रम पावसाचा होता, आणि ऑगस्टच्या मध्याला, दोन सरींमध्ये चार-चार दिवस ऊन पडू लागल्यावर, त्याच बश्यांत पुन्हा अळ्या होत्या. त्या महिन्याच्या अहवालातही तेच वाक्य होते.

वर्षाची दुसरी टोकेही वेळापत्रकातून निसटली. ऑक्टोबरपासून फेऱ्या निम्म्याहून कमी झाल्या, पण नोव्हेंबरच्या पाहणीत सहा घरांत एडिसच्या अळ्या मिळाल्या. एप्रिलमध्ये पाणीकपातीच्या चर्चेने लोकांनी पिंपे आणि बादल्या भरून ठेवायला सुरुवात केली, आणि पाऊस नसतानाही घराच्या सावलीत डासांची सोय झाली. टंचाई आणि अतिवृष्टी या दोन्हींचा फायदा एकाच डासाला कसा होतो, हे त्या पिंपांत दिसले. शेवटी २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात पोहोचला, तेव्हा कंपनीच्या कागदावर अजून ‘कोरडा हंगाम’ चालू होता. फेरी वाढवून मागितल्यावर मिळालेले उत्तर विनम्र होते: जादा फेरीचे जादा पैसे.

उणिवांची यादी मी फार लांबवणार नाही. अळीनाशकाच्या फवारणीत गटाराचे चेंबर आणि कारंज्याचा हौद नीट झाला. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत टेमिफॉस हे अळीनाशक टाकण्यास सभासदांनी विरोध केला आणि तो मी मान्य केला. ठरलेल्या अल्प प्रमाणात ते पिण्याच्या पाण्यासाठीही स्वीकारार्ह मानले जाते, पण जाळी बांधलेल्या टाकीत त्याची गरजच राहत नाही. कारंज्यासाठी आम्ही पुढे बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक मागितले, ते तीन आठवड्यांनी आले. धुरळणी करणाऱ्या माणसाला मुखवटा दिलेला नव्हता, तो तोंडाला रुमाल बांधत असे. दोनदा पत्र लिहिल्यावर मुखवटा आला. एवढ्या एका गोष्टीवरून कंपनीचे मोठेपण मोजायचे ठरवले असते, तर करार त्याच दिवशी संपवावा लागला असता.

करारात एक कलम मात्र उत्तम होते आणि ते कोणी वाचलेले नव्हते. सोसायटीत डेंग्यू किंवा चिकुनगुन्याचा रुग्ण निश्चित झाल्यास २४ तासांत त्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत पायरेथ्रम या कीटकनाशकाची आतून फवारणी करून देण्याची हमी त्यात होती. एडिस फार लांब उडत नाही, त्याचा वावर बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतला असतो, म्हणूनच फ्रान्समध्येही रुग्णाच्या घराभोवती १५० मीटरच्या परिघात फवारणी आणि शोध घेतात. सप्टेंबरमध्ये तिसऱ्या मजल्यावरील एका सभासदाला चिकुनगुन्या झाल्यावर आम्ही हे कलम वापरले. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे आली, पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटांत फवारणी केली, शेजारची अकरा घरे केली आणि पाहणीवाल्याने त्याच मजल्यावर देवघरामागच्या तांब्यात अळ्या शोधल्या. त्यानंतर त्या इमारतीत दुसरा रुग्ण झाला नाही. त्याचे श्रेय फवारणीचे की तांब्याचे, हे एका प्रसंगावरून ठरवता येत नाही, पण रसायन योग्य वेळी, योग्य जागी वापरले गेलेले मी वर्षभरात तेवढे एकदाच पाहिले.

घरात शिरण्याची अडचण हा भाग कंपनीच्या हातात नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पहिल्या महिन्यात ९६ पैकी ४१ दारे उघडली. ‘आमच्याकडे डास होतच नाहीत’ हे उत्तर सर्वाधिक वेळा मिळाले, आणि ते देणाऱ्यांत मीही होतो. माझ्याच बाल्कनीतील तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत त्याने मला अळ्या दाखवल्या तेव्हा माझ्या पत्नीने चहा ठेवला आणि मी बशी धुतली. पुढील महिन्यापासून समितीतील एक महिला सदस्य त्याच्यासोबत फिरू लागल्या आणि उघडणाऱ्या दारांची संख्या वाढत फेब्रुवारीत ८० वर गेली.

जून २०२५ पासून आम्ही त्याच कंपनीशी नवा करार केला आहे. नियमित धुरळणी पूर्ण काढून टाकली. पाहणी दर आठवड्याला, तीही बाराही महिने, ४८,००० रुपये. अळीनाशक पूर्वीप्रमाणे १८,००० रुपये. रुग्ण आढळल्यास घरातील फवारणीसाठी ६,००० रुपये राखीव. एकूण ७२,००० रुपये, सदनिकेमागे ७५० रुपये. अहवालात ‘लक्षणीय घट’ हे शब्द वापरायचे नाहीत, तपासलेली घरे किती आणि अळ्या सापडलेली घरे व भांडी किती एवढेच लिहायचे, अशी अट मी हाताने लिहून घेतली. कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने असा करार आपण प्रथमच करत असल्याचे सांगितले आणि धूर नसेल तर लोक तक्रार करतील, असा इशाराही दिला. तो खरा ठरला. पहिल्या पंधरा दिवसांत धुरळणी का बंद केली, अशा नऊ लेखी तक्रारी आल्या. त्यांपैकी चार तक्रारदारांच्या घरात त्याच महिन्यात अळ्या सापडल्या होत्या, त्यामुळे त्यांना उत्तर लिहिण्याचे काम मी पाहणीवाल्याच्या खडूच्या तारखांवर सोपवले.

माझे गुणांकन असे आहे: धुरळणीला दहापैकी दोन, आणि तेही वक्तशीरपणाचे. अळीनाशकाला सहा. रुग्ण आढळल्यानंतरच्या फवारणीला आठ. अहवाल आणि पत्रव्यवहाराला तीन. पाहणीला नऊ. दहावा गुण राखून ठेवला आहे, कारण तो कर्मचारी महिन्याला सोळा सोसायट्या एकटाच सांभाळतो आणि त्याच्या जागी दुसरा आला तर काय, याचे उत्तर कंपनीकडे अजून नाही.